कालच्या महिला बास्केटबॉल फायनलमधला शेवटचा शॉट तीनचा का नाही धरला?

सांगलीकर_बाबा
नमस्कार मंडळी, मी स्वतः कधी बास्केटबॉल खेळलो नाही, पण पोरगी खेळते, १३ वर्षांची आहे, शाळेच्या १४ खालच्या टीममध्ये. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली पुरुषांची फायनल आपल्याकडे रात्री १ वाजता होती म्हणून तिला झोपवलं आणि सकाळी अमेरिकेच्या स्टीफन करीच्या ८ थ्री (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) दाखवल्या. महिलांची मात्र काल संध्याकाळी ७ ला होती, ती आम्ही दोघांनी अख्खी बघितली, जेवणसुद्धा टीव्हीसमोरच. हाफटाइमला अमेरिका-फ्रान्स २५-२५, मग तिसऱ्या क्वार्टरला फ्रान्स १० नी पुढे गेला तेव्हा घरात नुसता आरडाओरडा, अमेरिका ऑलिम्पिकमध्ये ३२ वर्षांत हरलेली नाही हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं ना.

शेवटी ६७-६४ अमेरिका, घड्याळ संपत आलेलं, फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सनं शॉट मारला, बोर्डला लागून आत गेला आणि भोंगा वाजला. आम्ही दोघं उभेच राहिलो, म्हटलं झाली ओव्हरटाइम! आणि पाटीवर ६७-६६. पोरगी ढसाढसा रडली हो. रिप्ले मी पाच-सहा वेळा थांबवून बघितला, बुटाचा पुढचा भाग रेषेवर आहे हे खरं, पण बराचसा पाय बाहेरच दिसतो. तिला शाळेत असं शिकवलंय की रेषेवर पाय असला तरी तीनच. टेनिसमध्ये रेषेला बॉल लागला तर आतच धरतात, मग इथं वेगळं का? फ्रान्सवर अन्याय झाला का नाही हे तिला नीट सांगता यावं म्हणून विचारतोय, कारण मी काहीतरी ठोकून दिलं तर तिला लगेच कळतं.

शिट्टी_नागपूर
दादा, अन्याय अजिबात झाला नाही. मी जिल्हा पातळीवर १८ वर्षं रेफरीचं काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बास्केटबॉलमध्ये रेष कुणाची हे प्रत्येक ठिकाणी ठरलेलं आहे. साइडलाइनला पाय लागला की खेळाडू बाहेर. मधली रेष मागच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या, कोर्टात धरतात. आणि तीनची रेष ही दोनच्या भागात धरतात. म्हणजे रेषेला नखाएवढा बूट जरी लागला तरी तुम्ही दोनच्या भागात उभे आहात, बाकीचा पाय कितीही बाहेर असू दे. मी मुलांना सांगताना एकच सांगतो, रेषेला पाय लागला म्हणजे तुझं नुकसान, मग ते कुठंही विसरायला होत नाही.

दुसरं, हवेत असताना खेळाडू कुठं आहे हे बघतच नाहीत, उडी मारायच्या आधी पाय शेवटचा जमिनीला जिथं लागला ती त्याची जागा. त्यामुळे बाहेरून उडी मारून आत पडला तर तीनच मिळतात. विल्यम्सचा पाय उडी घेतानाच रेषेवर होता. भोंग्याचं म्हणाल तर त्याआधी बॉल हातातून सुटला होता, म्हणून ते दोन तरी मिळाले.

आता पोरीला एक सांगा, शॉट मारताना आपण सगळे बॉलकडे बघतो, रेफरीनं बघायचे असतात पाय. मला हे कळायला एक मॅच घालवावी लागली. एका सेमीफायनलला मी बॉल बघत राहिलो, आत गेला तसे तीन-तीन बोटांचे दोन्ही हात वर केले, मुलाचा पाय रेषेवर होता आणि आमच्याकडे रिप्ले कुठला. समोरची टीम १ पॉइंटनं हरली. हरलेल्या टीमचा कॅप्टन मॅचनंतर येऊन हात मिळवून गेला, त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

ब्रसेल्सकरीण
एका पॉइंटवरूनच लिहायचंय. मी ४ ऑगस्टला लीलला गेले होते, ग्रुपच्या मॅचेस पॅरिसला नव्हत्याच, तिकडे होत्या, पिएर मोरुआ स्टेडियममध्ये. ते खरं म्हणजे फुटबॉलचं मैदान, त्याचं अर्ध गवत उचलून उरलेल्या अर्ध्यावर नेऊन ठेवतात आणि खाली जी मोकळी जागा होते तिथं कोर्ट, आत गेल्यावर मला कळेचना की गवत गेलं कुठं.

मॅच बेल्जियम आणि जपान. बेल्जियम आधी जर्मनीकडून आणि अमेरिकेकडून हरलेलं, म्हणजे ग्रुपमध्ये फार तर तिसरा नंबर. १२ टीम, ३ ग्रुप, प्रत्येकातून पहिल्या दोन वर जातात आणि तिसऱ्या आलेल्या तीन टीममधून चांगल्या दोन, आणि ते ठरतं पॉइंटच्या फरकावर. दुसऱ्या ग्रुपमध्ये तिसऱ्या आलेल्या चीनला मागं टाकायचं तर बेल्जियमला नुसतं जिंकून चालणार नव्हतं, २७ पॉइंटनी जिंकायचं होतं! माझ्या शेजारच्या आजींनी तिकिटाच्या मागे पेननं २७ लिहून ठेवलं होतं आणि प्रत्येक बास्केटला आजोबांना विचारायच्या, आता किती. बेल्जियमच्या एमा मेसेमननं एकटीनं ३० पॉइंट केले. स्कोअर झाला ८५-५८. वजा करून बघा.

मग त्यांनी क्वार्टर फायनलला स्पेनला हरवलं, सेमीला ह्याच फ्रान्सकडून ओव्हरटाइममध्ये हरले, ब्राँझही ४ पॉइंटनी गेलं. त्या आजींची मला सारखी आठवण येते, तिकीट त्यांनी नीट घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. सांगलीच्या ताईला सांगा, तिनं रडून घेतलं ते बरोबरच केलं, इथंही लोक रडले.

जुना_पॉइंटगार्ड
वयानं बहुतेक मीच मोठा असेन इथं. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल आलं १९३६ ला बर्लिनमध्ये, उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर. फायनलला पाऊस, सगळा चिखल, बॉल टप्पाच घेईना, स्कोअर १९-८, अमेरिकेनं कॅनडाला हरवलं. खेळ ज्यांनी शोधला ते नेस्मिथ तेव्हा हयात होते आणि तिथं हजर होते. बायकांना मात्र ४० वर्षं थांबायला लागलं, थेट १९७६ माँट्रियल, आणि पहिलं गोल्ड सोव्हिएत युनियनचं. त्यांची उल्याना सेम्योनोव्हा सात फुटांच्या आसपास उंच, तिला अडवायचं म्हणजे काय करायचं हे कुणाला सुचायचं नाही.

आणि भारत पण खेळलाय बरं का! १९८० मॉस्को. बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला होता आणि आपल्या पुरुषांच्या टीमला संधी मिळाली. अजमेर सिंग होते त्या टीममध्ये, पुढे त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. एकही मॅच जिंकलो नाही, १२ पैकी १२ वे आलो. लोक हे सांगताना खाली बघतात, मला ते पटत नाही. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, पेपरात आतल्या पानावर दोन ओळींचा निकाल यायचा तो कापून ठेवायचो. त्यानंतर ४४ वर्षं झाली, ना पुरुष गेले ना बायका, आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

लेफ्टी_११
काका, महिलांचं एवढं निराश होऊन बोलू नका प्लीज. २०१७ ला बेंगळुरूत आपल्या मुलींनी आशिया कपच्या बी डिव्हिजनची फायनल कझाकस्तानविरुद्ध २ पॉइंटनी जिंकली आणि वरच्या डिव्हिजनला गेल्या, वर गेल्यावर टिकलो नाही हे मान्य, पण जिंकल्या होत्या ना. आणि आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, मी तिला बघूनच खेळायला लागले.

ह्या ऑलिम्पिकचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं काय असेल तर नायजेरियाच्या मुली. ऑस्ट्रेलियाला हरवलं, कॅनडाला हरवलं आणि क्वार्टर फायनलला गेल्या, पुरुष धरून आफ्रिकेची एकही टीम आजवर तिथं पोचली नव्हती. अमेरिकेचं सलग आठवं गोल्ड, सलग ६१ वी मॅच हे सगळं ठीक आहे, एजा विल्सनचे २१ पॉइंट १३ रिबाउंड मी पण तोंडपाठ केलेत, पण नायजेरिया बघून वाटलं की आपलं पण होऊ शकतं.

शिट्टी_नागपूर
@सांगलीकर_बाबा एक विचारायचं राहिलं. पोरीच्या शाळेतलं कोर्ट कधीचं आखलेलं आहे? रिंगखालची चौकट सरळ आयताकृती आहे का वर अरुंद आणि खाली पसरट?

सांगलीकर_बाबा
सर तुम्ही विचारलंत म्हणून संध्याकाळी मुद्दाम गेलो तिला घेऊन. पसरट आहे, तिरक्या रेषा आहेत.

शिट्टी_नागपूर
मग कोर्ट २०१० च्या आधीचं आहे. तेव्हा चौकट बदलली आणि त्याच वेळी तीनची रेष ६.२५ मीटरवरून ६.७५ ला गेली. म्हणजे तुमची पोरगी रोज अर्धा मीटर जवळून थ्री मारतेय आणि बाहेर स्पर्धेला गेली की तिचे शॉट तोकडे पडत असतील.

सांगलीकर_बाबा
सर काय सांगू, तोकडेच पडतात! गेल्या वर्षी तालुक्याला गेली होती तेव्हा एकही थ्री लागली नाही, आम्ही समजलो घाबरली.

आज परत गेलो. गवंडीकामातला ओळंबा घेतला, रिंगवर दोन सुतळ्या आडव्या-उभ्या बांधून मध्य काढला, तिथून ओळंबा सोडला आणि खालच्या खुणेपासून टेप लावला. रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६.२५ भरलं. पोरीनं स्वतः टेप धरला होता, ती आकडा वाचून काहीच बोलली नाही, अर्धा मीटर मागं जाऊन उभी राहिली आणि तिथून बॉल मारायला लागली. शाळेला विचारलं, ते म्हणाले आखा तुमचं तुम्ही. आता पाऊस चालू आहे, पेंट धरेल का?

शिट्टी_नागपूर
आत्ता पेंट नको, ओल्यावर पोपडे निघतात. पाऊस उघडेपर्यंत सुतळीनं कमान आखून फक्की मारा, रोज पुसली तर रोज मारा. दिवाळीच्या सुट्टीत रस्त्याच्या पट्ट्यांचा रंग आणा, रेष ५ सेंटिमीटर रुंद, आणि ६.७५ मोजायचं ते रेषेच्या बाहेरच्या कडेला. दोन्ही कोपऱ्यांत कमान नसते, तिथं साइडलाइनच्या आतल्या कडेपासून ९० सेंटिमीटरवर सरळ रेष घ्या.

सांगलीकर_बाबा
फक्की आणली सर. उद्या सकाळी ६ ला जातोय, तिच्या टीममधल्या अजून चार मुली येतायत सुतळी धरायला.