शिलाई मशीनवर सरळ टीप मारताना खाली दोऱ्याचा गुंता होतोय

सुईदोरा: नवीन घरगुती मशीन आहे, उशीचे अभ्रे शिवायचेत फक्त. वरून टीप छान दिसते पण कापड उलटं केलं की खाली नुसता गुंता, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) दोनदा काढून परत भरली तरी तेच, बॉबिनच खराब आहे का?

टीपकागद: बॉबिन नाही हो, खाली गुंता म्हणजे बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. दाबपट्टी (सुईजवळ कापड दाबून धरणारी पट्टी) वर उचलूनच दोरा ओवायचा, ती खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या घट्ट मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही, मग वरून ताण नाही आणि सगळा सैल दोरा खाली जमा होतो. परत पहिल्यापासून ओवा, टेन्शनचा नॉब आत्ता फिरवू नका.

कात्री_कुठाय: +१. आणि सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, तीनचार टाके पडले की सोडा. सुई कुठली लावलीय? साध्या सुती कापडाला १४ नंबर, पातळ असेल तर ११. जीन्सला १६. टाका अडीच मिमी ठेवा. कापड मागून ओढू नका प्लीज, खालचे दातेच सरकवतात ते, ओढलं की सुई वाकते.

सुईदोरा: दाबपट्टी खालीच होती 😅 परत ओवलं, आता खालूनही साफ टीप येतेय. कोपऱ्यावर कसं वळवायचं?

टीपकागद: सुई कापडात रुतलेली ठेवून दाबपट्टी उचला, कापड फिरवा, पट्टी खाली, पुढे चालू.