आजारी मादी कासव, छातीचा संसर्ग आणि पोटात अंडी : शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

अंगण_महाल यांचा प्रश्न :

नमस्कार. आमच्याकडे रेड-इअर्ड स्लायडर जातीची मादी आहे, नाव ठमी. मुलगी शाळेत असताना तिने हे कासव आणले होते. आता ती पुण्यात शिकते आणि ठमीची देखभाल माझ्याकडे आहे. ठमीचे वय बारा वर्षांच्या आसपास असून वजन सव्वा किलो भरते. डिसेंबरअखेर थंडी वाढल्यापासून तिचे खाणे कमी होत गेले आणि आता समोर धरलेल्या कोळंबीकडेही ती पाहत नाही. पाण्यात ती उजव्या अंगाला कलून तरंगते, बुडी मारली तरी तिरपीच वर येते, नाकपुड्यांशी बुडबुडे दिसतात आणि मान लांब करून, तोंड उघडून ती श्वास घेते. रात्री घर शांत झाले की बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो.

एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या जागी पांढुरकी छाया आणि पोटात कवच धरलेली पाच अंडी दिसली. एका डॉक्टरांचे म्हणणे असे की आधी प्रतिजैविकाची इंजेक्शने द्यावीत. दुसऱ्यांच्या मते अंडी अडकली आहेत, त्यामुळे पोटाकडचे कवच कापून ती ताबडतोब काढावी लागतील. रक्ततपासणी अजून झालेली नाही. सासरे म्हणतात की जीवाचे हाल करण्यापेक्षा तिला नागपूरच्या फुटाळा तलावात सोडून द्यावे. मुलीची परीक्षा जवळ आली असल्यामुळे निर्णय मलाच घ्यायचा आहे. खर्चाची तयारी आहे, परंतु तिला विनाकारण यातना होऊ नयेत, एवढीच इच्छा आहे. शस्त्रक्रिया आता करावी का, आणि उपचार थांबवण्याची वेळ आली हे कशावरून ओळखावे?

निवृत्त_पशुवैद्य यांचे उत्तर :

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, त्यामुळे पुढील मजकूर तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्यासाठीच लिहितो. दोन्ही डॉक्टरांना एक्स-रेमध्ये जे दिसले ते खरेच आहे. मतभेद आहे तो आधी काय करावे याविषयी.

एक्स-रेमध्ये अंडी दिसणे म्हणजे अंडी अडकणे नव्हे. नर जवळ नसतानाही स्लायडरच्या मादीत अंडी तयार होतात, आणि घालायला माती मिळाली नाही तर ती कित्येक आठवडे पोटात राहू शकतात. खरोखर अडकली असतील तर मादी सहसा अस्वस्थपणे फिरते, मागच्या पायांनी उकरते, कुंथते, कधी मलद्वारातून स्राव येतो. एखादे अंडे फुटलेले, वेडेवाकडे किंवा कमरेच्या हाडातून निघणार नाही इतके मोठे दिसत असेल तर गोष्ट वेगळी. हा प्रश्न तुम्ही एक्स-रे समोर ठेवून स्पष्टपणे विचारा. तुमच्या वर्णनात यांपैकी काहीही नाही. त्यात जे आहे ते फुफ्फुसाच्या संसर्गाचे ठळक चित्र आहे. फुफ्फुस भरले की ती बाजू जड होते आणि कासव त्या बाजूला कलते, आणि छायाही उजवीकडेच आहे. आतड्यातील वायूमुळेही कासव तिरपे होते, पण तेव्हा एक्स-रेमध्ये वायू दिसतो.

अशा अवस्थेत भूल देणे जोखमीचे आहे. भुलीखाली कासव स्वतःहून श्वास घेणे बहुधा थांबवते आणि नळी घालून त्याला कृत्रिम श्वास द्यावा लागतो. फुफ्फुस आधीच आजारी असेल तर शुद्धीवर येण्यास फार वेळ लागू शकतो. कवच कापून केलेल्या शस्त्रक्रियेत कापलेला हाडाचा तुकडा परत बसवतात आणि तो पुरता जुळायला अनेक महिने, कधी वर्षही लागते. पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली तर मागच्या पायापुढच्या मऊ भागातून अंडी काढणे शक्य होईल का, हेही विचारून ठेवावे.

माझ्या मते क्रम असा असावा : ऊब आणि पाणी, मग प्रतिजैविक, मग रक्ततपासणीच्या आधारे पुढचा विचार. कासवाची प्रतिकारशक्ती बाहेरच्या उष्णतेवर चालते. थंड पाण्यात ठेवलेल्या कासवाला उत्तम औषध दिले तरी त्याचे शरीर ते नीट वापरू शकत नाही. सेफ्टाझिडीम हे औषध अशा वेळी बऱ्याचदा निवडले जाते, कारण ते बहात्तर तासांतून एकदा द्यावे लागते आणि हाताळणीचा ताण कमी होतो. इंजेक्शन सहसा पुढच्या पायात देतात. मात्रा भरलेल्या सिरिंज डॉक्टर देतात, त्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून वेळेला एक काढायची आणि तळहातात धरून वितळवायची. शरीरात पाणी कमी असेल तर आधी सलाईन द्यावे लागते, आणि तोवर नळीने अन्न भरवण्याची घाई करू नये.

रक्ततपासणीत युरिक ॲसिड, पांढऱ्या पेशी आणि कॅल्शियम पाहावे. अंडी धरलेल्या मादीत कॅल्शियम नैसर्गिकरीत्याच वाढलेले असते, त्यामुळे तो आकडा एकटा पाहून कोणी घाबरवले तर घाबरू नका. युरिक ॲसिड फार वाढलेले असेल तर मात्र मूत्रपिंडांची अवस्था गंभीर असू शकते आणि उपचाराचा विचारच बदलतो.

आणखी एक. कुत्र्यांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला कोणत्याही कारणाने देऊ नये, ते त्याच्यासाठी प्राणघातक आहे. पापण्या सुजल्या म्हणून 'अ' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मनाने देणेही टाळावे, कारण जास्त मात्रेने कातडी सोलून निघते.

काचपेटी यांचे उत्तर :

वरील उत्तराशी सहमत आहे, त्यात घरच्या व्यवस्थेची भर घालतो. नागपूरच्या जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली येतो आणि महाल भागातील जुन्या, मोकळ्या अंगणाच्या घरांत टाकीचे पाणी रात्रभर निवत जाते. दुपारी हात घालून पाहिले तर पाणी ठीक वाटते, म्हणून तापमापी लावून सकाळी सहाचा आकडा पाहावा. आजारी स्लायडरसाठी पाणी २८ ते २९ अंशांवर आणि दिव्याखालची कोरडी जागा ३२ ते ३५ अंशांवर असावी. काचेच्या हीटरवर जाळीचे आवरण हवेच, नाहीतर सव्वा किलोचे कासव तो आपटून फोडते. पाणी उथळ ठेवावे, म्हणजे श्वासासाठी तिला पोहावे लागणार नाही.

दिवसाचा बराचसा वेळ कोरड्या, उबदार टबात आणि दिवसातून एकदोनदा तासभर कोमट पाण्यात, अशी पद्धत काही जण सुचवतात. ती उपयोगी आहे, परंतु अंगणातल्या थंड वाऱ्यात कोरडे ठेवणे हे पाण्यात ठेवण्यापेक्षाही वाईट. माझ्या डॉक्टरांनी नेब्युलायझर वापरायला सांगितले होते. झाकणाला भोक पाडलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात कासव ठेवून त्या भोकातून सलाईनची वाफ सोडायची. पहिल्या दिवशी आमचे कासव डब्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसले. पुढे मात्र ते वाफेकडे मान करून बसू लागले.

यूव्हीबी दिवा, म्हणजे अतिनील किरण देणारा दिवा, आहे का, हे आपण लिहिलेले नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्या कामी उपयोग होत नाही, काच ते किरण अडवते. आणि अंडी घालण्यासाठी ओलसर रेतीमातीची पेटी आताच तयार ठेवा, खोली कवचाच्या लांबीपेक्षा जास्त असावी. बरे वाटू लागल्यावर ती स्वतःच अंडी घालेल, अशी शक्यता मोकळी ठेवायला काय हरकत आहे?

त्रिमूर्तीनगर यांचे उत्तर :

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे कोणी दिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या कासवाची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आम्ही त्याला दयामरण दिले. 'आता बघवत नाही' ही आपली अवस्था असते, प्राण्याची नव्हे, त्यामुळे खुणा आधी ठरवून डॉक्टरांच्या समक्ष कागदावर लिहाव्यात. आम्ही लिहिलेल्या खुणा अशा : पुरेशी ऊब आणि औषध मिळूनही श्वास तोंड उघडूनच चालणे, पाय ओढल्यावर मागे न घेणे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन घटत जाणे आणि रक्ताचा दुसरा अहवाल पहिल्यापेक्षा वाईट येणे. भूक ही खूण आम्ही मुद्दाम घेतली नाही, कारण बऱ्या होणाऱ्या कासवातही ती बहुधा सर्वांत उशिरा परतते. छातीच्या संसर्गाला कासवात आठवडेच्या आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत निकाल लावू नये.

तो प्रसंग आलाच तर काम पशुवैद्यांकडूनच करून घ्यावे. फ्रीझरमध्ये ठेवले की कासव झोपेत जाते, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, ते क्रूर आहे. कासवाचा मेंदू प्राणवायूशिवाय दीर्घकाळ तग धरतो आणि हृदय थांबायलाही वेळ लागतो, म्हणून डॉक्टर भूल देऊन मग औषध देतात आणि मृत्यूची खात्री होईपर्यंत थांबतात. घाईने 'गेले' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, थंडीने गारठलेले कासवही मेल्यासारखेच दिसते.

तळ्याकाठी यांचे उत्तर :

सासऱ्यांना माझा आदरपूर्वक नकार कळवावा. ही जात अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली असून जगातील १०० सर्वांत उपद्रवी परकीय जीवांच्या यादीत तिचे नाव आहे. फुटाळ्यात ती जगली तर आपल्या कासवांच्या अन्नावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर गदा येते, रोग पसरतो तो निराळाच. आणि आजारी ठमी तिथे जगणार नाही, ती थंड पाण्यात गुदमरेल. सेमिनरी हिल्सवरील वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर वन्यप्राण्यांसाठी आहे, तिथे पाळीव स्लायडर सोपवण्याची अपेक्षा धरू नये. तपासणीसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात विचारणा करता येईल, मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे आधी फोन करून पाहावे.

अंगण_महाल यांचे उत्तर :

सर्वांचे मनापासून आभार. सकाळी सहा वाजता पाणी १९ अंशांवर होते. टाकी आता माजघरात आणली आहे आणि बर्डीच्या बाजारातून हीटर व जाळी मागवली आहे. अंड्यांविषयी एक्स-रे समोर ठेवून विचारले. पाचही अंडी एकसारखी आणि नेहमीच्या आकाराची आहेत, असे दुसऱ्या डॉक्टरांनीही मान्य केले आणि छाती सुधारेपर्यंत शस्त्रक्रिया लांबवण्यास ते तयार झाले. रक्त उद्या काढणार आहेत. खुणांचा कागद मी लिहिला असून मुलीला फोनवर वाचून दाखवला. तिने त्यात एक वाक्य घालायला लावले : परीक्षा चालू असली तरी मला विचारल्याशिवाय दयामरण द्यायचे नाही. एक शंका उरली आहे. सव्वा किलोच्या या प्राण्याला गारठ्यात दवाखान्यापर्यंत कसे न्यावे?

निवृत्त_पशुवैद्य यांचे उत्तर :

पाण्याशिवाय न्यावे. झाकणाच्या, हवेला भोके असलेल्या डब्यात ओलसर टॉवेल अंथरा आणि डब्याबाहेर, अंगाला न लागेल अशी, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा. दुचाकीवर नेऊ नका. निघण्यापूर्वी वजन करून लिहून ठेवा, म्हणजे मात्रा ठरवताना डॉक्टरांना अंदाजाने काम करावे लागणार नाही. टाकी धुतल्यावर आणि तिला हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात लहान मूल असेल तर ती टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये. रक्ताचा अहवाल आला की युरिक ॲसिडचा आकडा इथे लिहा.