लंडनचे बरो आणि तीन मतांचा वॉर्ड

कुणीतरी लिहिलंय की लंडनच्या बरो कौन्सिलची (बरो म्हणजे शहराचा स्वतंत्र स्थानिक कारभार असलेला विभाग) निवडणूक म्हणजे पुण्यातल्या प्रभाग पद्धतीचीच प्रत. थोडा फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पुण्यात प्रभागातल्या अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळी लढत होते. लंडनमध्ये बहुतेक वॉर्डांतून तीन कौन्सिलर निवडायचे असतात, पण मतपत्रिकेवर सगळ्यांची एकच यादी असते. तुम्ही जास्तीत जास्त तीन नावांपुढे फुली मारायची, सर्वाधिक मतांचे तिघे निवडून येतात. त्यामुळे बहुतेक वेळा एकाच पक्षाचे तिघे जिंकतात आणि वॉर्डातल्या बाकीच्या मतदारांचं कौन्सिलमध्ये कुणीच उरत नाही. २०२२ मध्ये लुइशम बरोमध्ये सगळ्या ५४ जागा लेबर पक्षाला मिळाल्या. मला हे अन्यायाचंच वाटतं, जिंकणारा पक्ष कुठलाही असो. त्या निकालानंतर कौन्सिलला जाब विचारायला समोर विरोधी बाकच नव्हतं!

पण म्हणून निकाल ठरलेलाच असतो असं कुणी म्हणेल, तर ते मात्र पटत नाही. त्याच वर्षी वेस्टमिन्स्टर कौन्सिल पहिल्यांदाच लेबरकडे गेलं, १९७८ पासून कॉन्झर्व्हेटिव्हांकडे असलेलं वॉन्ड्सवर्थही गेलं. उलट हॅरो लेबरच्या हातून गेलं.

आणि इथल्या मराठी मंडळींनो, भारतीय पासपोर्ट असला तरी कायदेशीर वास्तव्य असेल तर राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तुम्हाला इथे मत देता येतं. कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) भरला म्हणून यादीत नाव आपोआप येत नाही, नोंदणी वेगळी करावी लागते. ती कृपया करा.