गाळपेरीत डीएपी टाकणं बंद करावं, असं माझं मत आहे

गोदाकाठची: एप्रिल लागला की नाथसागराच्या, म्हणजे आपल्या जायकवाडी धरणाच्या, काठाला पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरते. उग्र वास येतो, म्हशी तोंड लावत नाहीत. पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या तळात आपण गाळपेर करतो. गाळ मुळातच कसदार, तरी त्यात डीएपी खताच्या गोण्या रिकाम्या होतात. पावसाळ्यात तीच जमीन पाण्याखाली! खत सरळ धरणात ओतल्यासारखंच झालं की. हेच पाणी संभाजीनगर पितं, जालना पितं.

कपाशीवाला: ताई, दरवेळी शेतकरीच का सापडतो? नाशिकपासून खाली गोदावरीत शहरांचं सांडपाणी मिसळतं. मैला, साबण, सगळं जायकवाडीत येऊन थांबतं. गाळपेर करणाऱ्यांत कित्येकांची बापजाद्यांची जमीन याच धरणात गेली. वर्षाकाठी एक पीक हाती लागतं, त्यावरही बंदी?

निवृत्त मास्तर: दादा, सांडपाण्याचं खरं आहे, पण ताईंचा मुद्दा त्यानं खोटा पडत नाही. १९७३ मध्ये कॅनडात एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला होता. नत्र आणि कार्बन दोन्हीकडं टाकले, स्फुरद म्हणजे फॉस्फरस एकाच बाजूला. हिरवी झाली ती स्फुरदाचीच बाजू. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत स्फुरद २३ किलो. ते मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतं आणि तिथला प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतं. म्हणून आज थांबलो तरी शेवाळ लगेच जाणार नाही.

जालन्याची सून: आम्ही पाणी उकळून पितो. तेवढं पुरतं ना?

निवृत्त मास्तर: जंतूंसाठी पुरतं, बाई. पण या हिरव्या सायीतल्या काही जाती विष तयार करतात, ते उकळून जात नाही. पेशी फुटून उलट पाण्यात उतरतं. अमेरिकेत २०१४ साली टोलेडो शहरात याच कारणानं सुमारे ५ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं होतं.

कपाशीवाला: मग नाल्यांतलं स्फुरदही मोजा आणि आकडे गावात लावा. आमच्या गोण्या मोजायला सगळे पुढं येतात.

गोदाकाठची: मोजायलाच पाहिजे, त्या मागणीवर माझीही सही घ्या. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. येत्या रब्बीला आमच्या अडीच एकर गाळपेरीत हरभरा, डीएपीची एक गोणीही नाही. उतारा काय पडला ते इथंच सांगेन.

कपाशीवाला: उतारा पडला तर पुढच्या साली मीही करीन. नाल्यांचं मात्र सोडणार नाही.