वीज आणि नेटवर्क दोन्ही गेल्यावर घर कसे चालवावे?

प्रश्न : वाशिष्ठीकाठ

सप्रेम नमस्कार. आमचे घर चिपळूणला, बाजारपेठेलगत तळमजल्यावर आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आईला शेजारच्या पहिल्या मजल्यावर पोहोचवण्याच्या घाईत संगणक टेबलावरच राहिला. दुकानाचा अनेक वर्षांचा हिशेब आणि वडिलांची छायाचित्रे त्यात होती. त्यांची दुसरी प्रत मी ठेवली होती, पण ती त्याच टेबलाच्या खणात होती, त्यामुळे दोन्ही एकदमच चिखलात गेल्या. पुढच्या काही दिवसांत विम्याचा पॉलिसी क्रमांक हवा होता. तो ईमेलमध्ये होता आणि मोबाईलला रेंज नव्हती. दुकाने उघडली तेव्हा व्यवहार रोखीने चालू होते आणि आमच्याकडे रोख रक्कम जेमतेम होती. मुलगी म्हणते, सगळे क्लाऊडवर ठेवा. मला ते अपुरे वाटते. माहिती, वीज आणि शिधा या तिन्हींची सोय घरच्या घरी करायची झाल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर : कृष्णाकाठ

आपली चूक प्रत न ठेवण्याची नव्हती, दोन्ही प्रती एका जागी ठेवण्याची होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी अख्खा परिसरच पाण्यात असतो, म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी हवी. माझी तिसरी प्रत पुण्याला धाकट्या बहिणीकडे असते. दर भाऊबीजेला मी नवी हार्ड डिस्क देतो आणि जुनी परत आणतो. डिस्क व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेली आहे आणि पासवर्ड कागदावर लिहून वेगळ्या ठिकाणी ठेवला आहे. हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ते इंटरनेटशिवाय उघडत नसेल, तर दर महिन्याला त्याची पीडीएफ काढून ठेवावी. प्रत काढली एवढ्यावर समाधान मानू नये. दुसऱ्या संगणकावर ती उघडून पाहावी.

क्लाऊड जरूर वापरावा, परंतु आपोआप जुळवून घेणाऱ्या फोल्डरमधून येथे चुकून खोडलेली फाईल तेथूनही जाते, हे मुलीला अवश्य सांगावे. सातबारा, विमा आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या छापील प्रती प्लास्टिकच्या बंद पिशवीत असाव्यात. आणखी एक, पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क सुकवून चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. आतला गाळ तबकडीवर ओरखडे पाडतो आणि मग जाणकारालाही फारसे काही करता येत नाही.

उत्तर : घरगुती वायरमन

विजेचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. बॅटरी टिकावी म्हणून निम्मेच वापरावेत आणि इन्व्हर्टरमधील घट वजा केली की हाती साधारण ७५० उरतात. तीन एलईडी दिवे, राउटर आणि ७५ वॉटचा जुना पंखा यांवर ते सात तासांच्या आत संपतात. पंखा ३० वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला तर तेच अकरा तासांच्या आसपास पुरतात. बॅटरी जमिनीवर ठेवू नये.

छपरावर सौर पॅनेल आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगतो. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजवाहिनीला, जोडलेली साधी यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडते, कारण तशी रचना नसेल तर खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसेल. बॅटरीची जोड असेल तरच ती अशा वेळी उपयोगी पडते. बाकी, एखाद्या रविवारी सकाळी मेन स्विच बंद करून, फोनचा डेटाही बंद ठेवून संध्याकाळपर्यंत राहून पाहावे. आपले घर कोठे अडते ते आपोआप कळेल.

उत्तर : श्रीवर्धनची सून

वरील दोघांचे म्हणणे योग्य आहे, तरी मी क्रम उलटा लावीन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली आणि आमच्या वाडीत वीज यायला महिना लागला. परसात पाण्याने भरलेली विहीर होती, पण पंप बसवल्यावर जुना रहाट आम्ही मोडून टाकला होता. काठावर उभे राहून पाणी दिसत होते आणि वर काढता येत नव्हते. शेवटी शेजारच्या काकूंनी पोहरा आणि सुंभाचा दोर आणून दिला. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी आधी कप्पी बसवावी. पुरानंतरचे पाणी तुरटीने निवळून, गाळून, उकळूनच प्यावे.

शिध्याचे म्हणाल, तर आपल्याकडे आगोट, म्हणजे पावसाळ्याआधी शिधा, भरण्याची रीत होतीच, ती आपण दुकान जवळ आले म्हणून सोडली. तांदळात कडुलिंबाचा वाळवलेला पाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात, आमसुले, सुकट, पापड. त्यातही इंधन वाचवणारे पदार्थ जास्त ठेवावेत: कुळथाची पिठी चार-पाच मिनिटांत होते, सातूच्या पिठाला तर चूलही लागत नाही, आणि मेतकूट मऊ भाताबरोबर आजारी माणसालाही चालते. नवा डबा मागे लावून जुना आधी संपवावा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या महिनाभराच्या जास्तीच्या असाव्यात. सेलवर चालणारा रेडिओही हवा. त्या दिवसांत आम्हाला बाहेरची बातमी केवळ त्यावरच कळत होती.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल सहा वाजता मेन स्विच बंद केला. साडेसातलाच पहिली अडचण आली: टाकीत पाणी चढवता येईना. दुसरी दुपारी, कारण डिस्कचा पासवर्ड मी फोनमधल्या ज्या ॲपमध्ये ठेवला होता ते इंटरनेटशिवाय उघडेना. पासवर्ड आता वहीत उतरवला आहे. दुसरी डिस्क सावंतवाडीला मामांकडे ठेवायचे ठरले आहे. विहिरीची कप्पी माळ्यावर सापडली, ती घासून तेल दिले. दोर मात्र कुजला होता, तो आज नवा आणला.