दाराजवळच्या खुंट्यांसाठी सागच घ्या

दाराजवळ रेनकोट, दप्तरं टांगायच्या खुंट्या बसवायला कुणी एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू डिंकाने दाबून केलेली) फळी सुचवेल, पण मुंबईच्या पावसाळ्यात ती नकोच. ओले रेनकोट टांगले की एमडीएफ कडांपासून पाणी पितं, फुगतं आणि स्क्रूची पकड सुटते. सागाची पाऊण इंची फळी घ्या. जुन्या चौकटीचा सागही उत्तम, फक्त रंधा मारण्याआधी खिळे नीट काढून घ्या. खुंट्या किंचित वर कललेल्या बसवा, ५ ते १० अंश पुरे, म्हणजे दप्तराचा पट्टा घसरत नाही. मुलांसाठी ३ फुटांवर वेगळी ओळ कराच. हात पोचला तरच ती स्वतःहून टांगतात. फळी भिंतीला चिकटवू नका. मागे पट्ट्या देऊन अर्धा इंच फट ठेवा, वारा खेळायला हवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच.