मदत हवी आहे: २५० डिग्रीला टिकणारं कार्बन फायबर, रेझिन कुठलं घेऊ?

कंपोझिटवाले कोणी आहे का इथे? छोट्या जेट इंजिनाच्या मागच्या भागाचं कव्हर कार्बन फायबरमधे करायचंय, कॉलेज प्रोजेक्ट आहे, तिथे सतत २५० डिग्री सेल्सिअसच्या आसपास राहतं त्यामुळे इपॉक्सी बादच. बीएमआय (बिस्मॅलिमाइड रेझिन) करायला सोपं पण ते साधारण २३० च्या आसपास दमतं म्हणतात. मग उरतं पॉलिइमाइड. नासाचं सत्तरच्या दशकातलं पीएमआर-१५ पार २८८ पर्यंत चालतं, पण त्यात एमडीए (मिथिलीन डायअॅनिलिन) हे रसायन असतं, कॅन्सरचा धोका, आमच्या लॅबमधे ते हाताळायला नकोच (सर परवानगी देणार नाहीत ते वेगळंच). वर क्युअर होताना, म्हणजे तापवून कडक करताना, मिथेनॉल आणि पाण्याची वाफ सुटते, ती लॅमिनेटमधे (थरांमधे) अडकली की व्हॉइड्सच व्हॉइड्स, म्हणजे आत पोकळ्या.

तर एमडीए नसलेलं पॉलिइमाइड प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कापड) भारतात थोडंसं, म्हणजे एक-दोन मीटर, कोणी देतं का? आणि व्हॅक्यूम बॅगचं काय करता, पॉलिइमाइड क्युअर करायला ३०० च्या वर जावं लागतं, तिथे नायलॉनची फिल्म वितळणारच, कॅप्टॉन (पॉलिइमाइडचीच) फिल्म घेतली तरी तेवढं तापमान झेलणारी सीलंट टेप कुठली? की सरळ बीएमआय वापरून आतून इन्सुलेशन लावू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, डेटाशीट वाचून झाल्यात.